लिंबू-मिरीची वाटी

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मी बीफ रांधलेलं आहे. चुकून एकदा तोंडात गेलं असं नाही. अमेरिकेत सांता क्लाराला असताना जवळजवळ दर शनिवारी, स्वतःच्या हातानं, आवडीनं. बायकोला हे अजून माहीत नाही, आणि त्यातल्या एका शनिवारचा ठपका तिनं दुसऱ्याच माणसावर ठेवला आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बायको पुण्यात व्हिसाची वाट बघत होती, आणि मी खिचडी आणि टिनमधल्या राजम्यावर दिवस काढत होतो. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक कंबोडियन राहायचा. माझ्याच कंपनीत, मी डिझाइनला, तो टेस्ट लॅबमध्ये. घरचं कोण कोण मागं राहिलं ते तो सांगायचा नाही, मी विचारायचो नाही. दोघंही बोलायला जड. म्हणूनच बहुतेक जमलं.

त्यानं शिकवलेला पदार्थ भात होईपर्यंत तयार व्हायचा. बीफचे बोराएवढे तुकडे, लसूण, सोया सॉस, ऑइस्टर सॉस, चिमूटभर साखर आणि मिरी, भरपूर मिरी. पॅनमधून धूर निघाला की तुकडे टाकायचे, जोरात हलवायचे, उतरवायचे. पहिल्यांदा मी सवयीनं पाण्याचा हबका मारून वर झाकण ठेवलं. तो ओरडलाच.

"पांघरूण कशाला घालतोस? आजारी आहे का ते?"

मग लेट्यूसची पानं, त्यावर टोमॅटो-कांद्याच्या चकत्या, त्यावर मांस. शेजारी वाटीत लिंबाचा रस, मीठ आणि पुन्हा मिरी. तुकडा त्यात बुडवायचा आणि गरम भाताबरोबर खायचा. मिरी मी आईनं बरोबर दिलेल्या खलबत्त्यात कुटायचो. "तुझ्या मिरीला गोड वास येतो," तो म्हणायचा. येणारच, त्याच खलबत्त्यात चहाचे वेलदोडे कुटले जात. मी तो धुवायला घेतला की म्हणायचा, "राहू दे, धुऊ नकोस."

पॅन मात्र मी वेगळा घेतला होता. माझ्या कढईला, कुकरला तो लागू द्यायचो नाही. मांस पोटात गेलेलं चालायचं, भांड्याला भांडं लागलेलं चालायचं नाही! तो पोट धरून हसायचा. बायको यायची तारीख ठरल्यावर तो पॅन मी त्याच्याकडेच ठेवायला दिला.

ती आली, आणि तिचं त्याच्याशी छान जमलं. ती त्याला थालीपीठ द्यायची, तो तिला बाल्कनीतल्या कुंडीतल्या मिरच्या. त्याच्याकडची ती लिंबू-मिरी तिनं काकडीला लावून बघितली आणि उचललीच.

एका शनिवारी ती ओळखीच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेली. मला राहवलं नाही. बीफ मी आणलं, त्याला हाकही मीच मारली. नेमकी त्याच्या स्टोव्हची कॉइल जळलेली.

"तुझ्या घरी?" त्यानं विचारलं.

"संध्याकाळपर्यंत येत नाही ती."

पॅन घेऊन तो आला. धूर झाला, स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी त्याच्याखाली पंचा फडकावतोय तेवढ्यात दार उघडलं. बायको, आणि तिला सोडायला आलेल्या काकू.

"अहो, कसला वास हा?"

मी पंचा धरून तसाच उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"सॉरी, सिस्टर. माझं बीफ. माझा स्टोव्ह बिघडलाय. हा नको म्हणत होता."

आणि पॅन उचलून निघाला. काकूंनी नाकाला पदर लावला.

"अरे, या लोकांना आधीच स्पष्ट सांगायचं असतं. घरात देव आहेत ना तुमच्या?"

"सांगतो त्याला, काकू," मी म्हणालो.

दार उघडंच होतं. तो पॅसेजमध्ये, चार पावलांवर. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझा आवाज त्याला ओळखू येत होता.

सोमवारी लॅबमध्ये गेलो. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "तुझं घर आहे, ब्रदर. सांभाळायला हवं." मग कामाकडं वळत, "आणि मांस मी संपवलं. सगळं. तुला काही ठेवलं नाही."

मी हसलो. तिथं हसायला नको होतं.

त्यानंतर तो आमच्याकडे आत आला नाही. मिरच्या दारातूनच द्यायचा. पुढं बहिणीजवळ राहायला लाँग बीचला गेला. अजून अधूनमधून फोन होतो. बायकोची चौकशी करतो, खलबत्ता आहे ना विचारतो.

आहे. बायको काकडी चिरली की तो काढते, मिरी कुटते, लिंबू पिळते. "तुमच्या मित्राची चटणी," म्हणते. त्याची आठवण फार मायेनं काढते, आणि मग न चुकता, "माणूस सोन्यासारखा हो. त्या दिवशी तेवढं करायला नको होतं त्यानं."

मी काकडी खातो.

बीफ मी आणलं होतं आणि पॅन माझा होता, हे तिला सांगायचं राहिलं आहे. आणि त्याला घरी बोलावून, तिच्यासमोर, माझ्या हातानं वाढायचं राहिलं आहे.