विहीणबाईंचा रुसवा आणि जमैकाची तबकडी

नातीनं आज मोबाईलवर रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, लावलं आणि त्या अडून पडणाऱ्या ठेक्यानं मला बेलापुरात, बहात्तरच्या दुष्काळाआधी झालेल्या ताईच्या लग्नात नेऊन सोडलं.

बँडवाले आलेच नव्हते. विहीणबाई रुसून मांडवात पाठ फिरवून बसल्या, जेवायलाही उठेनात. बोटीवर नोकरीला असलेल्या दादानं जमैकाहून आणलेली तबकडी कर्ण्यावर लावली.

"ठेका लंगडा हाय रं," मामा म्हणाले.

आईनं पदर खोचला. "फुगडीला बेस हाय," म्हणत तिनं विहीणबाईंपुढं दोन्ही हात धरले. हात हातात आले, पाय ठेक्यात पडले आणि मांडवभर धूळ उडाली.

तेव्हा वाटलं, दादाच्या गाण्यानं बाजी मारली. आज कळतं, आईनं मारली होती.

गाणं संपलं. धापा टाकत, आईचे हात न सोडता विहीणबाई म्हणाल्या, "पुन्यांदा लाव."