परक्यांच्या हातची माती

भंडाऱ्याच्या दवाखान्यात नवरा शेवटचं एकच बोलला, "मला परक्यांच्या हातची माती नको." आम्ही झारखंडचे, उरांव आदिवासी. इथल्या राइस मिलमध्ये पोती वाहायला आलो. मिलमध्ये त्याला सगळे 'बिहारी' म्हणत. तो कुठला, हे कोणी विचारलंच नाही. चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसायचो, मराठी गीतं सुरू झाली की नुसतं तोंड हलवायचो. तो गेला आणि मी देवावर भयंकर चिडले. म्हटलं, बाबा, दुसरं काही मागत नाही, मूठमातीला त्याच्या गावचा एक तरी माणूस पाठव. दिराला फोन केला. तो ढसाढसा रडला, पण एवढ्या लांबून पोचणार कसा? गावाकडून कोणी आलं नाही.

कब्रस्तानात प्रार्थना झाली आणि रिवाजाप्रमाणे पास्टर म्हणाले, "घरच्यांनी आधी पुढं यावं." घरची मी एकटीच. मी जागीच उभी राहिले. संपलं, वाटलं, आता परक्यांच्याच हातची माती. तेवढ्यात आमच्याच चर्चमधली, जवळच्या कारधा गावची रूथबाई गर्दीतून पुढे आली. माझ्याहून लहान, आमचं बोलणं सलामापलीकडे कधी गेलं नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला.

"एकट्या काहून उभ्या तुम्ही? आम्ही मेलो का? मी बहीण याची. तुमच्याकडे मातीच्या वेळी जे म्हणतेत ते म्हणा. आम्ही थांबतो."

सासूच्या मातीला म्हटलं होतं ते आमच्या कुडुख भाषेतलं गाणं मी म्हटलं. आवाज फाटत होता. कोणाला एक शब्द कळला नसेल, पण कोणी घाई केली नाही. दुसऱ्या कडव्याला रूथबाई गुणगुणू लागली, चाल साफ चुकवत. मग आम्ही दोघींनी मिळून पहिली मूठ टाकली. पास्टरांनी मला विचारून क्रूसावर त्याच्या नावाखाली आमच्या गावाचं नाव लिहिलं.

दुःख हलकं झालं, असं खोटं कशाला सांगू? खोलीत शिरले की अजून छाती भरून येते. मी गावचा माणूस मागितला होता, देवानं कारध्याची बहीण पाठवली. कोणाला पाठव, हे आता मी त्याला सांगत नाही. रडत रडतच आभार मानते.

बाजारात मी अजून बिहारीणच आहे. पण रविवारी रूथबाई पुढची जागा सोडून मागच्या बाकाशी येते आणि म्हणते, "सरका ना वहिनी, मले बसू द्या."