राणीपर्यंत न पोचलेली रजा

विलायतेतल्या स्टुअर्ट राजांच्या दरबारातल्या एका सरदारीण बाईवर मी कित्येक वर्षं पुस्तक लिहितेय आणि आता त्या बाईचा मला वीट आलाय. तासन्‌तास राणीच्या मागे उभं राहायचं. बसायचं नाही, जांभई द्यायची नाही. राणीचा आतला झगासुद्धा थेट द्यायचा नाही. खालच्या बाईनं वरचीच्या हातात, वरचीनं राणीच्या. तोवर राणी कुडकुडतेय. काय ही थेरं, असं मानपाड्याच्या घरात बसून मी चिडून लिहायचे.

आमच्याकडे सकाळचा चहा सून करते. पण कप ती सासूबाईंना देत नाही. माझ्या हातात देते, मग मी त्यांना. लग्न होऊन वर्तकनगरहून या घरात आले तेव्हा मला हेच सांगितलेलं, पहिला कप थोरल्या सुनेच्या हातचा. मी अंघोळीला गेलेली असले तर कप ओट्यावर थांबतो. सासूबाई रोज म्हणतात, "गार हाय." मी रोज सुनेवर करवादते.

पुस्तक लॅपटॉपवर टाइप करते तीही सूनच. परवा ती रजेच्या प्रकरणावर आली. सरदारीण बाईची आई आजारी, तिला गावी जायचंय, आणि रजा मागायची ती वरच्या मानकरणीमार्फत.

"आई, पण त्या मानकरणीनं राणीला विचारलेलं का?"

"विचारलं असेल."

"तुम्ही लिहिलं नाहीये."

"कुठे सापडत नाही म्हणून नाही लिहिलं. तू टाइप कर ना गं, डोकं नको खाऊस!"

तिनं दोन ओळी टाइप केल्या. मग स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "माझं विचारलंत आजींना?"

तिची आई आंबिवलीला एकटी राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं, कारण हिला जाता येईना. दर वेळी मी म्हणायचे, "आजींना विचारून सांगते." नंतर, "त्या अजून काही बोलल्या नाहीत."

आता स्पष्टच लिहिते. मी विचारलंच नव्हतं. स्वयंपाक माझ्यावर पडला असता, टायपिंग अडलं असतं, आणि नाही म्हणायला सासूबाईंचं नाव सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा हात पुढे केला. सून कप घेऊन माझ्या बाजूनं सरळ सासूबाईंच्या झोपाळ्याकडे गेली.

"आजी, चहा. आणि मी आईकडे जाऊ का? तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"मंग जा ना गो. मला कोन इचारतो?" सासूबाईंनी घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आज चा गरम हाय."

सून दुपारीच गेली. त्या मानकरणीला मी चार पानं शिव्या घातल्यात. ती पानं आता काढायची की ठेवायची, ते मला कळेना.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "सगळं नीट झालं, आई. मी कधी येऊ?"

माफी मागायची म्हणून फोन घेतलेला. तोंडातून निघालं ते, "मला काय विचारतेस गं सारखं?"



"बरं," ती म्हणाली. "मग मी ठरवून सांगते."