नूरमहंमदचा हात

पारनेरच्या बाजूला एका तलावावर नूरमहंमद जाळं लावायचा. थंडी पडली की तिथं रानबदकं उतरायची, आणि आसपासची मुसलमानांची घरं म्हणायची, पाखरू घ्यावं तर नूरच्याच हातचं. जाळ्यातून काढलेलं जितं पाखरू तो बिस्मिल्ला म्हणून कापायचा, रक्त पुरतं वाहू द्यायचा, मगच पिशवीत घालायचा. त्यात कधी कुचराई नाही. बाकी माणूस आळशी. बायको सरवरी म्हणायची, "ह्यांचा हात तेवढा कामाचा, बाकीचा गडी त्याच्या सोबतीला आलाय."

स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात पुण्याहून रंगनाथराव आले, पाखरांचा अभ्यास करायला. दुर्बीण लावून बाभळीआड बसायचे, कुठलं बदक कुठं चरतं ते बघायचे. मग थोडी पाखरं मारून पोटात दाणा सापडतो की किडा ते तपासायचे, आणि कातडं अलगद सोलून त्यात कापूस भरून ठेवायचे. एवढी बदकं हाताळून एकाचाही रस्सा करत नाहीत म्हटल्यावर, बायामाणसांना त्यांची फार कीव यायची.

पाखरं धरायचं काम नूरला मिळालं. पहिल्याच दिवशी रंगनाथरावांनी कपाळाला हात लावला.

"अहो नूरभाई, गळे चिरलेत की सगळ्यांचे! पिसं रक्तानं भरली. आता कातडं कसलं ठेवू मी?"

"मंग मारू कसं?"

त्यांनी दाखवलं. पंखांखाली छातीच्या दोन्ही बाजूंना बोटं लावायची आणि दाबून धरायची. थोड्या वेळात पाखरू गप्प.

"हे तर मुरदार झालं, रावसाहेब. खायला हराम."

"तुम्हाला कुठं खायचंय ते?"

ते खरंच होतं. नूर कबूल झाला. साहेबांच्या पाखरांना गोणपाटाची पिशवी, घरच्यांना कापडी. पण सुरी चालवताना कधी कळलं नव्हतं ते आता बोटांना कळायला लागलं. काळीज थडथडायचं, हळू व्हायचं, मग नसायचंच. घरी भाकरी मोडतानाही ती थडथड बोटांत असायची. सरवरीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

अशात नूरची लेक मलिका बाळंत झाली. बाळाच्या छटीला, सहाव्या दिवशी, शेजारणी जेवायला बोलावल्या.

"चांगली दांडगी बदकं आणा," सरवरी म्हणाली. "पलीकडची मेहताबचाची येनार हाय. हाडं चोखल्याबिगर उठत न्हाई ती."

सकाळी धुकं होतं. नूर घरची पाखरं कापत होता आणि ध्यान दुसरीकडेच. एका पाखराच्या पंखांखाली बोटं आपसूक गेली आणि दाबत राहिली. भानावर येऊन त्यानं घाईघाईनं सुरी ओढली, बिस्मिल्ला म्हटलं. रक्त आलं, पण उसळून नाही, नुसतं ओघळलं. मान आधीच लुळी पडलेली. "आसंल जितं," तो स्वतःशी म्हणाला, आणि पाखरू कापडी पिशवीत गेलं.

दुपारी ताटं वाढली. मलिकेनं सहज विचारलं, "अब्बा, हलाल हाय ना सगळं? तुमी त्या साहेबाची पन पाखरं मारता म्हनून इचारते."

मेहताबचाची तिच्यावरच डाफरली. "खुळी का काय तू? नूरच्या हातचं हाय. त्याला काय इचारायचं?" आणि घास उचलला.

"थांबा, चाची," नूर म्हणाला. मग त्यानं सगळं सांगितलं.

सरवरीनं हळूच विचारलं, "कंचं हुतं त्यातलं?" पण रस्सा एकाच पातेल्यात शिजलेला. तिनं पातेलं उचललं आणि परसात नेऊन मातीत पालथं केलं. शेजारणी ठेच्याशी भाकरी खाऊन उठल्या. चाचीनं बाळाची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "आज सांगितलंस, बरं केलंस, पोरा. पन ह्याआधी कितींदा न्हाई सांगितलंस, ते मी कसं समजू?"



दुसऱ्या दिवशी त्यानं जिती पाखरं टोपलीत घालून रंगनाथरावांपुढं ठेवली. "धरून देईन. दाबायचं तुमी."

"बरोबर आहे. काम माझं आहे," रंगनाथराव म्हणाले आणि बाह्या सारल्या.

पण त्या हिवाळ्यात नूरच्या दारी पाखरू मागायला कुणी फिरकलं नाही.

सरवरी मात्र सुरीला धार लावून ठेवायची. "तलावावर न्हाई, आता अंगनात कापायचं," तिनं बजावलं. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

मग तो एखादं पाखरू जितं घरी आणायचा. धरायचा पायांना, बोटं पंखांकडे जाऊ नयेत म्हणून. मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायचा. रक्ताची चिळकांडी अंगणात उडायची. कुडापलीकडे मेहताबचाचीच्या भांड्यांचा आवाज थांबायचा. ती बघत असायची. मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा, आणि नूर सुरी धुवायला घ्यायचा.