लहानू फाटा

देवाजीकाका बसचे कंडक्टर होते आणि आदिलाबादहून बोथकडे जाणाऱ्या त्यांच्या गाडीचा एक नियम होता. लहानू फाटा आला की गाडी थांबायचीच. उतरणारं कोणी असो वा नसो, चढणारं कोणी असो वा नसो. काका दार उघडून पायरीवर उभे राहायचे, एका हाताने दांडी धरायचे आणि तोंड बाहेर काढून ओरडायचे, "लहानू फाटाऽऽ!" बाहेर ज्वारीचं रान, एक बाभूळ आणि फार तर एखादी म्हैस. कोणी तरी सामानासकट सावकाश उतरत असावं इतका वेळ ते तसेच उभे राहायचे. मग "राइट राइट" म्हणून दार ओढून घ्यायचे.

नवा प्रवासी असला की वैतागायचा.

"कंडक्टर, उतरणारं कोणी नाई तं गाडी काऊन थांबवली?"

"उतरला ना एक जण. तुमाले दिसला नाई काय?"

"नाई."

"मंग बिनतिकिटाचा असन."

आमचं गाव त्या फाट्यापासून आत आहे. मी आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत होते आणि रोज काकांच्याच गाडीने जायचे-यायचे. शाळेत मराठी बोललं तर मुली हसत आणि बसमध्ये इंग्रजी बोललं तर अख्खी बस हसे, म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहत असे. काकांनी माझं नाव 'मुकी मॅडम' ठेवलं होतं. "मुकी मॅडमले जागा द्या हो," ते गर्दीत ओरडायचे. "बोलत नाई, पण मनातल्या मनात लई भांडते ते!" हे त्यांनी कसं ओळखलं, याचं मला तेव्हाही नवल वाटे.

त्यांचं सगळं बोलणं गाडीतलंच होतं. कोणाच्या घरी पाळणा उशिरा हलला, की "लेट हाय, रद्द नाई" असं म्हणून ते पेढा तोंडात टाकायचे. नवरा-बायको बसमध्ये भांडायला लागले, की दोघांच्या मध्ये एखादी म्हातारी आणून बसवायचे आणि म्हणायचे, "आता तिच्या डोक्यावरून भांडा." टपावर कापसाचं बोचकं चढवणाऱ्याला ते विचारायचे, "हे बोचकं तुमचं हाय का तुमी बोचक्याचे?"

हा लहानू कोण, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या गावातला न्हावी म्हणे, तिथे लहानू नावाचा चहावाला होता. माझी चुलती म्हणे, दरोडेखोर होता आणि त्या बाभळीखाली त्याने हंडा पुरला आहे. मी स्वतः पाचवीपर्यंत तिथे देव आहे असं समजून परीक्षेच्या दिवशी खिडकीतून हात जोडत असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तेलुगूत दरडावून विचारलं, की हा थांबा आला कुठून? काका शांतपणे हिंदीत म्हणाले, "पब्लिक का है साब, पब्लिक को पूछो." कोंबडी घेऊन बसलेली एक आजी लगेच म्हणाली, "माह्या सासूच्या वक्तापासून हाय जी." साहेब पुढच्या थांब्यावर उतरून गेले. प्रत्यक्षात ते नाव काकांच्या नोकरीइतकंच जुनं होतं आणि त्याआधी त्या जागेला नावच नव्हतं. पण हे मला फार पुढे कळलं.

काका निवृत्त झाले. बाबांनी आदिलाबादला घर बांधलं, तर शेजारी नेमके देवाजीकाका निघाले. मी नोकरीला लागले तरी त्यांनी मला 'मुकी मॅडम'च म्हणावं आणि मी नुसतं हसावं, असं आमचं शेजारपण चाललं होतं. तशात आदिलाबादच्या टॉकीजला एक हिंदी युद्धपट लागला. लढाईत पडलेल्या एका जवानाचं पदक कित्येक वर्षांनी त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या हाती येतं, अशी गोष्ट होती. आईला रडायचं होतं म्हणून आम्ही निघालो. काकांना विचारलं तर ते आमच्याआधी तयार होऊन फाटकापाशी उभे.

टॉकीजमध्ये काका बसले नाहीत. आयुष्यभर उभं राहिलेला माणूस. खुर्चीला पाठ टेकून ते मधल्या वाटेत उभे राहिले आणि आल्या-गेल्याला "आत सरका, आत सरका" म्हणू लागले. बॅटरीवाला म्हणाला, "बाबा, बैठो." काका म्हणाले, "अगला स्टॉप आने दो." मध्यंतरापर्यंत आमची पूर्ण रांग त्यांनी नीट लावून दिली होती आणि एका माणसाला मांडीवरचं पोर बायकोकडे द्यायला लावलं होतं.

शेवटी परेडचं मैदान आलं. लढाईत गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारली जात होती आणि प्रत्येक नावानंतर सगळं स्तब्ध होत होतं. टॉकीजमध्ये फक्त नाकं ओढल्याचे आवाज. आई पदराने डोळे पुसत होती. अशा एका स्तब्धतेत माझ्या कानाशी तो जुना खणखणीत आवाज निघाला, "लहानू फाटाऽऽ!"

आमच्या पुढे दोन रांगा सोडून आमच्याच गावचा रामकिसन घोरत पडला होता. तो ताडकन उठला, पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि "आलं काय? थांबा, थांबा, उतरायचं हाय," म्हणत लोकांचे पाय तुडवत निघाला. रडणारी टॉकीज खो खो हसू लागली. बॅटरीवाल्याने उजेड काकांच्या तोंडावर मारला. ते हसत नव्हते. पडद्याकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती.

बाहेर आल्यावर आई ओळखीच्या बायकांशी बोलत राहिली. काका आणि मी चहाच्या गाड्यापाशी उभे होतो. मी आपणहून सहसा काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं.

"काका, लहानू कोण?"

"माहा मोठा भाऊ." त्यांनी बशीत चहा ओतला. "आमी लहान असताना मायबाप तुमच्या गावाकडं कापूस वेचाले येत. फाट्यापाशी पाल ठोकून राहू. लहानू तेवढ्यात मिलिटरीत गेला. एकदा सुटीवर आला, तं आमाले शोधत तिथंच आला. जाताना ट्रकात चढला अन् मले म्हणे, देवा, परत आलो की इथंच उतरन, तू थांबजो. मंग एकाहत्तरची लढाई लागली. मंग तार आली. मेडल नाई, फोटू नाई, काईच नाई."

मी माझा ग्लास गाड्यावर ठेवला.

"म्हणून गाडी थांबवत होता?"

"थांबजो म्हणला होता ना तो," काका म्हणाले, जणू याहून साधी गोष्ट नाही. मग चहाचा भुरका घेऊन खट्याळपणे हसले. "तुमच्या गावात आमाले पाणी वरून ओतत, ओंजळीत. अन् तोच गाव आता माह्या भावाचं नाव घेतल्याबिगर तिकीट मागू शकत नाई. तुहे मोठेबाबा, एवढे पाटील, ते तं कसे म्हणत, 'देवाजी, एक लहानू फाटा दे.' मले लई गोड लागे ते. आता हे कोणाले सांगू नको. तू मुकी हाय म्हणून सांगितलं."

मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद झाला. फाट्यावर बसायला पक्का निवारा उठू लागला आणि त्याच्यावर पाटी लावायची म्हणून गावाने नाव कळवावं, असं ठरलं. अर्धवट बांधलेल्या निवाऱ्यातच सभा बोलावली. काकांनी मला स्कूटीवर आपल्याला घेऊन जायला सांगितलं. वाटेत ते मागून माझ्या कानात बोलत होते, "आपण बोलायचं नाई. नुसतं ऐकून यायचं. नाव लागून राह्यलं ना, मंग कोणी त्याले बाबा म्हणो नाई तं बुवा. मी कोण हे कळलं, की सगळा खेळ खलास."

सभेत बोलायला माझे मोठेबाबा उभे राहिले. म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावचे जुने पाटील. माणूस घरात साधा बोलतो, पण समोर चार खुर्च्या दिसल्या की त्याची भाषा बदलते. "उपस्थित बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "या स्थानी लहानूबाबा नावाचे थोर तपस्वी होऊन गेले. म्हणून पाटीवर 'श्री लहानूबाबा फाटा' असे लिहावे आणि शेजारी लहानसे मंदिर बांधावे, असे माझे मत आहे." माना डोलल्या. सरपंचबाईंनीही मान डोलावली. मी काकांकडे पाहिलं. ते बाभळीला टेकून मजेत ऐकत होते.

मोठेबाबांना चेव आला. "बाबांनी बैलाच्या कपाळाला हात लावला, की पडलेला बैल उठत असे." काकांनी कौतुकाने भुवया उंचावल्या. "बाबांची दाढी गुडघ्यापर्यंत होती." काकांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "बाबा केवळ दूध आणि फळं घेत. मांसाहाराला ते आयुष्यात शिवले नाहीत..."

"खोटं हाय!"

सगळे वळले. काका पुढे येऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. "दाढी कायची? त्याले मिशी धड फुटली नव्हती! अन् मटन शिजलं की मायच्या मागं मागं फिरे तो, हाडकासाठी माह्याशी मारामारी करे. म्हणे दूध अन् फळं! फळं पाह्यली कोणी होती?"

"काका," सरपंचबाई म्हणाल्या, "तुमाले कसं माहीत?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"माहा भाऊ होता तो," ते म्हणाले. "सिपाई होता. लढाईत मेला."

मग पाल, ट्रक, लढाई, तार, सगळं त्यांनी थोडक्यात सांगितलं. मोठेबाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांची व्यासपीठाची भाषा गळून गेली होती.

"म्हणजे तुमचा? सख्खा?"

"सख्खा."

त्या 'तुमचा'मध्ये काय होतं, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.

"मंग हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं, तं तुमी इथं उतरले असते काय, पाटील?"

मोठेबाबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "माही हरकत हाय. लिहून घ्या, सरपंचबाई. हे नाव बदला."

"बदलून काय ठेवू?" सरपंचबाईंनी विचारलं.

मोठेबाबांना दुसरं नाव सुचेना. कोणालाच सुचेना. शेवटी ते चिडून बाजूला गेले, मोबाईल कानाला लावला आणि माझ्या चुलतभावावर ओरडले, "गाडी घेऊन ये, घरी जायचं हाय मले... कुठं म्हणजे? अबे, लहानू फाट्यावर! अजून कुठं असन मी?"

आधी सरपंचबाईंना हसू आलं. मग रामकिसनला. मग सगळ्या सभेला. मोठेबाबा फोन धरून उभेच राहिले. कशाला हसतात ते त्यांना कळायला जरा वेळ लागला आणि कळल्यावर मिशीतल्या मिशीत त्यांनाही हसू फुटलं. पाटीवर 'शहीद लहानू फाटा' लिहायचं ठरलं.

मोठेबाबा ज्या बाजूला जातात, तिथे पूर्ण जातात. महिनाभरात त्यांनी पाहुण्यांना "आमच्या गावचा शहीद" म्हणून सांगायला सुरुवात केली. निवाऱ्याच्या भिंतीवर लहानूचं चित्र काढायला बोथहून पेंटरही त्यांनीच आणला.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. आजार लांबला नाही; दवाखान्यातसुद्धा ते शेजारच्या खाटेवाल्याला आत सरकायला सांगत होते. पण मला काका आठवतात, चित्र बघायला आले त्या दिवशीचे.

लहानूचा फोटो कुठेच नव्हता, म्हणून पेंटरने विचारलं होतं, की काढू कसा? मोठेबाबांनी त्याला मोबाईलवर त्या सिनेमातला नट दाखवला आणि सांगितलं, "असा काढ." त्यामुळे भिंतीवर एक सहा फुटी, गोरापान, रुंद खांद्यांचा, गालावर लाली असलेला जवान उभा होता. काकांसारखं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. काका समोर जाऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. पेंटर ब्रश धुवायचं सोडून थांबला.

"जमला नाई काय, देवाजी?" मोठेबाबांनी दबकत विचारलं. "पुसून दुसरा काढू."

"राहू द्या," काका म्हणाले. त्यांनी रंग ओला आहे का ते बोटाने पाहिलं आणि मग तळहात त्या गुबगुबीत गालावर ठेवला.

"माय असती तं म्हणली असती, मिलिटरीचं अन्न लई मानवलं माह्या पोराले."