आत्याच्या शुद्ध जमिनीचा ताबा

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, खाडीलगतची आमच्या आत्याची जमीन शुद्ध झाली आहे. सरकारने तसे ठरवले आहे, कंत्राटदाराने तसे लिहून दिले आहे. आता जमिनीने तसे वागावे, एवढेच काय ते बाकी आहे.

ही जमीन म्हणजे पूर्वीचं आजोबांचं मिठागर. पुढे बांध उंच करून खाडीचं पाणी अडवलं आणि तिथे भात पिकू लागला. मग शेजारी रसायनांचा कारखाना आला, काही वर्षं धूर सोडून बंद पडला आणि जाताना बांधामागे पिंपांची रांग ठेवून गेला. पिंपं गंजली, फुटली. आधी चिंबोऱ्या नाहीशा झाल्या, मग भात पिवळा पडून आडवा झाला. मालकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मी न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करतो, त्यामुळे अर्ज लिहिण्याची मला खाजच आहे. इतके अर्ज केले की कचेरीतला शिपाई मला पाहिलं की न विचारता खुर्ची सरकवायचा, तीही दाराच्या दिशेने तोंड करून.

आणि एक दिवस खरोखर निधी आला. दूषित जमिनी साफ करून पुन्हा वापरात आणायच्या, अशी योजना. आनंदाने मी अख्ख्या आळीला जिलेबी वाटली. ती जिलेबी मला अजून परत मागावीशी वाटते.

कारण कंत्राटदाराने वरची वीतभर माती खरवडली, ती कुठे नेली ते सांगितलं नाही, वर लाल मुरूम पसरला, सहा शोभेचे माड लावले आणि जमिनीपेक्षा मोठा वाटावा असा फलक उभा केला. आता एकच अडचण होती. जमीन पूर्ववत मिळाली, अशी आत्याची सही झाल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नव्हतं. आणि एकदा सही झाली की फाइल बंद. त्या मुरमाखाली काहीही असो, पुन्हा एक पैसा यायचा नाही.

आत्या सही करेना.

समजूत घालायला माणसं येऊ लागली. आत्या त्यांना चहा द्यायची, बिस्किटं द्यायची, सुनेची तक्रारही सांगायची. सही मात्र द्यायची नाही. सही नसेल तर जमीन ट्रेलरच्या पार्किंगला द्यावी लागेल, असंही एकाने गोड आवाजात सुचवलं. त्यावर आत्याने त्याला विचारलं की ट्रेलर उभा करायचाय तो तुझ्या अंगणात का नको. मीही एकदा कंटाळून म्हणालो, आत्या, कर सही, संपव एकदाचं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुझ्या आज्याच्या बांधावर उभा राहून बोल हे."

शेवटी जिल्ह्याहून योजनेच्या मोठ्या अधिकारी मॅडमच आल्या. भर दुपारी जागेवर मांडव, खुर्च्या, नारळ, फीत, स्पीकर. कंत्राटदाराचा इंजिनिअर पोरगेलासा, बूट चकचकीत. त्याने माइक हातात घेऊन अहवाल वाचला. तपासण्या झाल्या, सगळं प्रमाणात, जमीन शेतीयोग्य. टाळ्याही पडल्या; पुढच्या रांगेत त्याचीच माणसं बसली होती. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद आत्यापुढे सरकवला.

आत्या म्हणाली, "मुरूम काढा. माझी जमीन खाली हाय."

इंजिनिअर हसून म्हणाला की आजी, त्याची गरज नाही, आणि इथे कुदळही नाही. मला या क्षणाची फार दिवस प्रतीक्षा होती. मी गाडीची डिकी उघडली आणि कुदळ, फावडं, घमेलं अशी एकेक वस्तू सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी बाहेर काढली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनिअरकडे, आणि म्हणाल्या, खणा.

आत्याने पायाने जागा दाखवली. हातभर खाली गेल्यावर मुरूम संपला आणि निळसर करडा चिखल लागला. नव्या प्लॅस्टिकच्या चपलांसारखा वास आला.

आता आमच्या मिठागरवाल्यांची एक रीत आहे. पावसाने शेतातला खार धुतला की नाही, पेरावं की थांबावं, हे आम्ही कधी कुठल्या प्रयोगशाळेला विचारलेलं नाही. घरातलं सर्वांत मोठं माणूस चिमूटभर माती जिभेवर ठेवतं आणि निकाल देतं. आमच्यासाठी त्यात नवल काहीच नाही.

"सही करायची तर चव बघूनच करनार," आत्या म्हणाली. पदर खोचून ती खड्ड्याशी वाकली, बोटभर चिखल उचलला, डोळे मिटले. आळीतली सगळी माणसं निकालासाठी खड्ड्याभोवती गोळा झाली. मी तिचा हात धरायला पुढे सरकलो, खरंच सरकलो, पण माझ्याआधी इंजिनिअर धावला. चकचकीत बुटांसकट खड्ड्यात. माइक त्याच्या हातातच होता आणि चालूही होता.

"अहो आजी, टाका ते, तोंडात नका घालू, विष आहे ते!"