साळूबाईनं ठेवलेला माणूस

एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात हौसरावला पुण्याच्या दवाखान्यातून वडगाव रासाईला आणलं, ते बैलगाडीत दोरानं बांधून. डोक्यात गाठ होती. "फार तर महिना काढतील. घरी न्या," डॉक्टर म्हणाले होते.

हौसराव मऊ माणूस. अठरा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोवर, साळूबाईवर, कधी हात उचलला नव्हता. आता तो तिला ओळखेना. तिसऱ्याच दिवशी त्यानं वरवंटा फेकला आणि साळूबाईचा उजवा हात मोडला.

हाताला कामट्या बांधून ती शेजारच्या इमामबीच्या दारात गेली. इमामबीचा मुलगा रहीम दौंडला मालधक्क्यावर हमाल होता, पोत्यांची थप्पी एकट्यानं लावणारा.

"रोज तीन रुपये आन् जेवान देते," साळूबाई म्हणाली. "त्यांला धरायचं. मारायचं न्हाई."

रहीम आला. त्यासाठी साळूबाईनं दंडातली वाकी मोडली. हौसराव चावायचा, ओरबाडायचा, मुताचं भांडं तोंडावर फेकायचा. रहीम त्याला मागून मिठी घालून बसायचा, थकेपर्यंत. मग पुसून काढायचा, पेज भरवायचा.

आठवड्यानं दीर बाळासो काठी घेऊन आला. "घरात परका गडी ठिवलास? बांध त्याला साखळीनं गोठ्यात. फुकट काम हुईल."

"तुमचा भाऊ हाय त्यो, भावजी. जनावर न्हाई."

बाळासोनं रहीमच्या डोक्यात काठी घातली. दुसरी उगारली, तेवढ्यात साळूबाईनं डाव्या हातानं कोयता मारला. बाळासोचं मनगट उघडं पडलं. रक्त सारवणावर सांडलं.

आरडाओरड्यानं हौसराव बिथरला आणि भिंतीवर कपाळ आपटू लागला. फुटल्या डोक्यानं रहीम धावला. त्यानं भिंत आणि कपाळ यांच्या मधे आपला पंजा घातला. हौसराव त्या पंजावर आपटत राहिला. रहीमची बोटं सोलून निघाली, पण त्यानं हात काढला नाही.

बाळासो मनगट दाबून बघत उभा होता. मग निघून गेला. भावकीनं साळूबाईचं पाणी तोडलं. ती नदीवरून घागर आणू लागली, एका हातानं.

बाविसाव्या दिवशी, भर दुपारी, झटके येऊन हौसराव रहीमच्या मिठीतच गेला. साळूबाई रडली नाही. राहिलेली मजुरी तिनं रहीमच्या हातावर ठेवली, त्यानं ती कमरेला खोचली. मग इमामबीनं तिचा सुजलेला हात मांडीवर घेऊन तेल लावायला सुरुवात केली, तेव्हा साळूबाईनं जो हंबरडा फोडला, तो नदीपलीकडं ऐकू गेला.